नांगर, मोट आणि कारखाना

पुणे-मिरज लोहमार्गावर ताकारी आणि भिलवडी यांच्या दरम्यान किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक लागते. त्याचे मूळ नाव कुंडल रोड. ज्या कारखान्यामुळे ते बदलले, तो कारखाना १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, निवडुंगाने माजलेल्या एका वैराण माळावर उभा राहिला, आणि ज्या पेढीने तो उभारला तिचा जन्म त्याच्याही बावीस वर्षे आधीचा, म्हणजे १८८८ सालचा आहे. बेळगावात सायकली विकण्यासाठी दोन भावांनी काढलेले दुकान हे तिचे मूळ होय. पुढे या पेढीने कडबा कापण्याची यंत्रे केली, नांगर केले, उसाचे चरक केले, शेंगा फोडण्याची यंत्रे केली, पंप केले, लोखंडी खुर्च्या-मेजे केली, आणि तिच्या शाखोपशाखांनी लेथ, तेलावरची इंजिने आणि विजेच्या मोटारीही केल्या. आरंभीच्या मालापैकी एकही वस्तू आज तिच्या कारखान्यातून निघत नाही, तरीही पेढी तीच आहे आणि नावही तेच आहे. अशा वेळी इतिहासाच्या अभ्यासकापुढे साहजिकच प्रश्न उभा राहतो, की माल बदलला, यंत्रे बदलली, राज्ये बदलली, चलनवलनाची सारी रीत पालटली, मग या घराण्याने नेमके धरून काय ठेवले? माझ्या मते त्याने आपले गिऱ्हाईक धरून ठेवले. विहीर, बैलजोडी आणि थोडीबहुत जमीन असलेला दख्खनचा शेतकरी हे ते गिऱ्हाईक, आणि त्याच्या गरजेच्या मागोमाग हा कारखाना शंभर वर्षे चालत आला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका आडगावाने मराठी मुलखाला रंगभूमी आणि यंत्रविद्या या दोन्ही क्षेत्रांतील आद्य पुरुष द्यावेत, हा योग मला नेहमीच विस्मयकारक वाटत आला आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधाराने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, परंतु काही रंगांतला भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाही असे तेथे ध्यानात आल्यावर त्यांनी रंग सोडून यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकविण्याची नोकरी पत्करली. मुंबईत सायकली घ्याव्यात, त्या बेळगावला रवाना कराव्यात आणि तेथे रामुअण्णांनी त्या विकाव्यात, इतकेच नव्हे तर त्या चालवायलाही गिऱ्हाइकाला शिकवावे, अशी त्या आरंभीच्या धंद्याची रीत होती. या शिकविण्याच्या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण जी वस्तू गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलीच नाही ती विकणाऱ्याला आधी गिऱ्हाईकच घडवावे लागते, हा धडा या बंधूंनी सायकलीवर गिरविला आणि पुढे नांगरापासून पंपापर्यंत प्रत्येक वेळी तोच कामी आणला. संस्थेत बढतीचा प्रसंग आला तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा दुसऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि ते बेळगावला परतले.

बेळगावच्या त्या छोट्या कारखान्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आज लोखंडी नांगर हा शब्द उच्चारताना कोणालाही काही विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि पीक जळते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे किर्लोस्कर घराण्याच्या आठवणींत सांगितले जाते. या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. शेतकऱ्याचे सारे वर्ष एका नांगरटीवर अवलंबून. ती फसली तर सावकाराच्या वहीत आणखी एक कलम चढायचे आणि घरात दाणा यायचा नाही. तेव्हा दुसऱ्याच्या रानात दोन हंगाम पाहिल्याखेरीज त्याने विश्वास टाकला नाही, हे त्याच्या शहाणपणाचेच लक्षण मानले पाहिजे.

लाकडी नांगराच्या मर्यादाही त्याला ठाऊक होत्याच. काळ्या रानात कुंदा आणि हरळी यांची मुळे खोलवर पसरतात, आणि त्यांना उपसून काढायचे तर जड लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एकट्याच्या दावणीला नसल्यामुळे शेजाऱ्यांशी वारंगुळा करावा लागे, आणि पाळी येईपर्यंत रान वाळून दगड होई. शिवाय लाकडी नांगर जमीन फाडतो, ती उलथवीत नाही. लोखंडी नांगराचा वाकविलेला पंखा ढेकूळ उचलून पालथे घालतो, तणाची मुळे उन्हात उघडी पडतात आणि चैत्र-वैशाखाचे ऊन उरलेले काम करते. हा फरक एकदा रानात दिसला की मग व्याख्यानाची गरज राहत नाही.

परंतु नांगराचे मर्म फाळात असते, आणि फाळाचे मर्म ओतकामात. विलायतेत रॅन्सम या कारागिराने १८०३ साली अशी युक्ती काढली होती, की बीड ओतताना साच्याच्या एका अंगाला थंड लोखंड बसवावे. त्या अंगाची बीड झटकन गोठून अत्यंत कठीण होते, दुसरे अंग सावकाश निवते आणि तुलनेने मऊ राहते. अशा फाळाचे मऊ अंग जमिनीत आधी झिजते आणि कठीण अंग पुढे उरते, त्यामुळे झिजता झिजता फाळाला आपोआप धार येत राहते. याच रॅन्समच्या कारखान्याचे नांगर दख्खनमध्ये आयात होत, आणि त्यांच्या तोडीला येऊ इच्छिणाऱ्या देशी कारखानदाराला ही विद्या हस्तगत करणे भागच होते. सातासमुद्रांपलीकडच्या कारखान्याला जी गोष्ट सहजी साधणारी नव्हती, ती मात्र बेळगावच्या कारखानदाराच्या हाती होती: झिजलेल्या फाळाच्या जागी नवा फाळ शेतकऱ्याला मृगाआधी, जवळच्या बाजारात आणि परवडणाऱ्या भावात मिळवून देणे. यंत्राची किंमत गिऱ्हाईक एकदाच मोजते, सुट्या भागासाठी मात्र त्याला वारंवार यावे लागते, आणि प्रत्येक खेपेला तो यंत्राविषयीची आपली तक्रार बरोबर घेऊन येतो. कारखान्याचे खरे शिक्षण या तक्रारींनी होते.

असा जम बसत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीच्या योजनेसाठी कारखान्याची जागा खाली करण्यास फर्माविले. भट्ट्या, साचे, यंत्रे घेऊन जावे कोठे, असा पेच पडला असता औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. त्यांनी बिनव्याजी कर्ज दिले, आणि कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन कारखान्याला मिळाली. बाळासाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि प्रजेच्या उन्नतीची खरी कळकळ बाळगणारे संस्थानिक होते. संस्थानी कारभारावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती बहुतांशी यथार्थच आहे, परंतु एका कारखानदाराला दरबारातून जो निर्णय थोड्या दिवसांत मिळाला, तो ब्रिटिश मुलखातल्या कचेऱ्यांतून मिळण्यास किती वर्षे लागली असती, याचाही विचार इतिहासकाराने केला पाहिजे. ओगले बंधूंचा काच कारखानाही पुढे १९१६ साली याच संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ उभा राहिला, हा योगायोग नव्हे.

१० मार्च १९१० रोजी माळावर वस्तीचा आरंभ झाला. पाणी नाही, सावली नाही, निवडुंगात नाग-साप यांचा सुळसुळाट, अशा ठिकाणी कामगारांसाठी घरे, विहिरी, रस्ते आणि शाळा उभारण्याचा भार रामुअण्णांनी उचलला. चोरी-दरोड्याचा शिक्का ज्यांच्यावर बसला होता अशा माणसांच्या हाती त्यांनी वस्तीची राखण सोपविली, आणि त्यांनी ती इमानाने केली. लक्ष्मणरावांचे नाव सर्वतोमुखी झाले, ते योग्यच झाले. परंतु हिशेब, वसाहत आणि माणसे सांभाळणारा हा थोरला भाऊ पाठीशी नसता तर धाकट्याचे यंत्रकौशल्य बेळगावच्या एका गल्लीत विरून गेले असते, असे मला निःसंशय वाटते. घराण्याच्या उद्योगांत एकाचे डोके यंत्रात आणि दुसऱ्याचे माणसांत असले म्हणजे जे बळ येते, ते पगारी व्यवस्थापकांच्या मोठ्या फौजेनेही सहसा येत नाही.

पहिल्या महायुद्धाने लोखंड आणि कोळसा दुर्मीळ केला, पण विलायती नांगरांची आवकही मंदावली, आणि तोपर्यंत देशी नांगराकडे साशंकतेने पाहणारा शेतकरी त्याच्याकडे वळला. १९२० साली पेढीचे रूपांतर किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले, आणि माझ्या दृष्टीने कारखान्याच्या इतिहासात या घटनेचे मोल एखाद्या नव्या यंत्राहून कमी नाही.

आरंभी या मासिकाचा हेतू माफक होता: आपली यंत्रे कशी वापरावी, त्यांची निगा कशी राखावी, कोठे कोणी ती वापरून काय मिळविले, ही माहिती अडते आणि शेतकरी यांना पोहोचविणे. परंतु शंकरराव हे चित्रकार आणि लेखक होते, आणि त्यांच्या हाती या खबरपत्राला कथा, निबंध, चरित्रे, सामाजिक सुधारणेची चर्चा अशी पालवी फुटत गेली. ते पुढे नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० साली त्याला ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे लाभली, आणि सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून घरोघर गेले. नांगराच्या कारखान्याने विधवाविवाह, अंधश्रद्धा आणि स्त्रीशिक्षण यांची उठाठेव का करावी, असा प्रश्न वरवर पाहणाऱ्याला पडेल. उत्तर त्या पहिल्या सहा नांगरांत आहे. लोखंडाने जमीन विटाळते असे मानणाऱ्या समाजात यंत्र खपत नाही. रूढीचा हात जेथे सैल होतो तेथेच नव्या अवजाराला जागा मिळते. कारखान्याचे आणि मासिकाचे हित एकच होते, आणि शंकररावांनी ते जाहिरातबाजीच्या पातळीवर न उतरविता विचाराच्या पातळीवर नेले, याबद्दल मराठी वाचकाने त्यांचे ऋण मानले पाहिजे.

नांगरानंतरची पायरी पाण्याची. दख्खनच्या विहिरीवर शतकानुशतके मोट चालत आली: कातड्याची मोट, जाड नाडा, बारीक सोंदूर, वर फिरणारे चाक, आणि उतरत्या धावेवरून पुढे जाऊन पुन्हा मागे सरणारे बैल. मोट वर आली की थारोळ्यात रिकामी होई आणि पाटाला पाणी लागे. पहाटे तांबडे फुटण्याआधी मोटकरी गाणे धरी आणि उन्हे चढेपर्यंत बैलांच्या तोंडाला फेस येई. एवढे करून भिजे ते थोडेसे रान. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीला सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. पंखा गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो आणि त्या पोकळीत खालचे पाणी चढते, हे तत्त्व सोपे; विहिरीवर मात्र ते सोपे राहत नाही. वातावरणाच्या दाबाने पाणी नळीतून चढायचे ते तत्त्वतः चौतीस फूट, आणि व्यवहारात वीस-पंचवीस फुटांच्या वर भरवसा नाही. दख्खनच्या विहिरी याहून खोल, आणि माघात असलेली पातळी वैशाखात राहत नाही. म्हणून पंप विहिरीच्या आत, कपारीवर किंवा बांधून काढलेल्या ओट्यावर बसवावा लागे. नळीच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह. तो गळका झाला की रात्रीत नळीतले पाणी उतरून जाई, सकाळी शेतकऱ्याने घागरीने नळी भरल्याखेरीज पंप पाणी धरीत नसे. नांगराप्रमाणेच येथेही कारखान्याला यंत्राबरोबर त्याची विद्या गावोगाव पोहोचवावी लागली, आणि खेड्याखेड्यांत पंप खोलणारा, घासणारा, जुळविणारा मिस्त्री हा नवा व्यवसाय निर्माण झाला.

पंप फिरवायला बळ लागते, आणि ते बैलाचे चालत नाही. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले होते. बापाची विद्या हाताने आणि डोळ्यांनी कमावलेली, मुलाची शास्त्राने आणि मापाने. दोन पिढ्यांच्या अशा भेटीत पुष्कळ घराणी दुभंगतात, परंतु येथे ती भेट फलदायी ठरली. तेलावरच्या इंजिनाचा उद्योग १९४६ साली पुण्याजवळ खडकीला सुरू झाला. त्याच वर्षी रवींद्र किर्लोस्करांनी बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना काढला, आणि त्याआधीच १९४१ मध्ये राजाराम किर्लोस्करांनी म्हैसूर दरबारच्या साहाय्याने हरिहरला लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभारली होती. इंजिनाची रेखाटने ब्रिटिश कंपन्यांकडून घेण्यात शंतनुरावांना कमीपणा वाटला नाही. यंत्रविद्या जेथे असेल तेथून मोल देऊन आणावी आणि आपल्या विहिरीला साजेशी करून घ्यावी, हा या घराण्याचा परिपाठच होता. पाच अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा टक-टक ठोका ऐकला नाही असे बागायती गाव पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच असेल.

या भरभराटीच्या तोंडावरच मोठे अरिष्ट कोसळले. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीचा जो डोंब उसळला, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही भस्मसात झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांना आपल्या हातांनी उभारलेले आपल्या हयातीतच जळाल्याचे दुःख सोसावे लागले. त्यानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला आणि त्याच माळावर उभा राहिला. तेथील माणसांशी कायमचे वैर धरून तो दूर नेला गेला नाही, ही गोष्ट मला त्याच्या सर्व यंत्रांहून मोठी वाटते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.

पुढील परवाने-परमिटांच्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शंतनुराव त्या धोरणाचे उघड टीकाकार होते. तरीही त्याच मर्यादेत त्यांनी निर्यातीवर भर दिला आणि १९६२ मध्ये अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत मोठ्या इंजिनांसाठी किर्लोस्कर कमिन्स काढली. खेड्यात वीज पोहोचू लागली तसे विहिरीवरचे इंजिन मागे पडून मोटार-पंप पुढे आले. इंजिन जनित्राकडे आणि इतर कामांकडे वळले, आणि पंपाचे गिऱ्हाईक मात्र हातचे गेले नाही. ओगल्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने एकेकाळी घराघरांत उजेड पाडला होता. विजेचा दिवा आल्यावर त्या कंदिलाला जागा उरली नाही आणि तो कारखाना पुढे बंद पडला. त्यांच्या कर्तृत्वात उणे काही नव्हते. पण कंदील घेणाऱ्याची गरज विजेने पुरती भागविली. पाणी उपसणाऱ्याची गरज विजेने उलट वाढविली.

१९९१ नंतर आयातीची दारे उघडली तेव्हा घराण्याच्या सर्वच शाखांना सारखे यश लाभले नाही. हरिहरच्या लेथचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरे कारखाने. त्यांना संगणकावर चालणारी परदेशी यंत्रे मिळू लागली आणि शतक पालटता पालटता म्हैसूर किर्लोस्कर बंद पडली. कमिन्समधील आपला वाटा घराण्याने नव्वदच्या दशकात सोडला. पंपाच्या मूळ शाखेने मात्र २००३ मध्ये इंग्लंडमधील एसपीपी पंप्स ही कंपनीच विकत घेतली, आणि नर्मदेचे पाणी सौराष्ट्राकडे चढविणाऱ्या प्रचंड उपसा योजनेला पंप पुरविले. चौथ्या पिढीत नावावरून आणि धंद्यांच्या हद्दींवरून भावाभावांत वाद होऊन ते न्यायालयांपर्यंत गेले, हेही नमूद केले पाहिजे. ज्या पेढीच्या नावातच बंधुत्व आहे तिच्या इतिहासात हे पान यावे, याचे दुःख तिच्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला होईल. परंतु रामुअण्णा आणि लक्ष्मणराव यांच्यातला समजुतीचा करार कागदावर नव्हता, आणि कागदावर नसलेली गोष्ट चार पिढ्या टिकेलच असे कोणीही धरून चालू नये.

हा सारा इतिहास कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा जुन्या मूल्यपत्रिकांत, फाळाच्या आणि वॉशरच्या बिलांत, तगाईच्या कागदांत आणि गावच्या मिस्त्र्याच्या वहीत पडून आहे. शेतकऱ्याने कोणते यंत्र कोणत्या साली, किती रुपयांना आणि कशासाठी घेतले, हे तेथेच कळते. ज्यांच्या माळ्यावर असे कागद किंवा ‘किर्लोस्कर खबर’चे जुने अंक असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा इतिहास मंडळाकडे सोपवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.